आधी आयसीयू, मग भूल: माझ्या बहिणीचा एक निर्णय

ज्यांचे हेडफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचून जास्त लक्षात राहतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त माझे "अं" आणि "म्हणजे ना" कमी केलेत.

आज कोडिंग नाही, पगारवाढ नाही, नोटीस पिरियडही नाही. आज माझ्या धाकट्या बहिणीबद्दल बोलणार आहे. ती बीएस्सी नर्सिंग झालीय. आम्ही साताऱ्याचे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, ती सांगलीत एका आयसीयूमध्ये. तिचं नाव सांगणार नाही, तशी तिची अटच आहे. "दादा, बोल हवं ते, पण माझं नाव आणि हॉस्पिटलचं नाव आलं तर बघ." त्यामुळे नावं नाहीत. पेशंटची ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

तर सुरुवात. दोन वर्षांपूर्वी तिचा निकाल लागला, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि हातात दोन नोकऱ्या आल्या. पहिली साताऱ्यातच, घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. ओपीडी आणि जनरल वॉर्ड, बहुतेक दिवसपाळी. दुसरी सांगलीत, आयसीयूमध्ये. पगार थोडा कमी, आठवड्याच्या आठवडे नाइट, राहायला हॉस्टेल. घरात मतदान घेतलं असतं तर तीन विरुद्ध एक असं झालं असतं. आई, पप्पा आणि मी साताऱ्याच्या बाजूने. ती एकटी सांगलीच्या.

तिला एवढं आयसीयू का हवं होतं? कारण तिच्या डोक्यात एकच होतं, भूल. कॉलेजात असताना ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगला गेली होती. सगळ्यांचं लक्ष सर्जनकडे, आणि ही बघतेय टेबलाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञ मॅडमकडे. "दादा, तो माणूस श्वास घेत नव्हता आणि त्या मॅडम शांत उभ्या होत्या. त्याचा श्वास त्यांच्या हातात होता." मग कुठल्यातरी रीलवर तिला कळलं की अमेरिकेत नर्ससुद्धा भूल देतात. सीआरएनए म्हणतात त्यांना. झालं, तेव्हापासून हेच.

इथे थोडी माहिती देतो, कारण मलाही ती नव्हती. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरचं काम. एमबीबीएसनंतर त्या विषयातलं पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर भूल देतो. नर्स आणि टेक्निशियन मदतीला असतात, पण निर्णय त्यांचा नसतो. अमेरिकेत मात्र नर्सने भूल देण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मेयो क्लिनिकमध्ये ॲलिस मॅगॉ नावाच्या नर्स होत्या. त्यांनी १९०६ साली आपल्या कामाचा अहवाल छापला. १४ हजारांहून जास्त वेळा भूल दिली आणि भुलेमुळे दगावलेला पेशंट एकही नाही. इंजेक्शनची भूल नव्हे हं, तोंडावर जाळी ठेवून थेंब थेंब ईथर टाकायचं, तो काळ. अमेरिकेतल्या या नर्सेसची संघटना १९३१ पासून आहे.

आज त्या शाळेत जायचं तर काय लागतं? नर्सिंगची पदवी, तिथलं लायसन्स आणि किमान एक वर्ष पूर्णवेळ आयसीयूचा अनुभव. हे "किमान" कागदावरचं, प्रत्यक्षात बरेच जण त्याहून जास्त अनुभव घेऊन येतात. पुढे किमान तीन वर्षांचा कोर्स. आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरेटच करावी लागते.

म्हणून बहिणीचा हिशोब सरळ होता. आयसीयू लागतं ना? मग आयसीयूच घेते.

आता माझी चूक सांगतो. त्यासाठीच हा भाग करतोय.

परदेशी पाठवणाऱ्या एका एजंटकडे आम्ही दोघं गेलो होतो. चकाचक ऑफिस, भिंतीवर झेंडे. तो म्हणाला, "मॅडम, आयसीयूत कशाला मरताय? घरी राहा, परीक्षेचा अभ्यास करा. दोन वर्षांचं आयसीयूचं एक्स्पिरियन्स लेटर आपण करून देऊ." किंमतही सांगितली. मी गप्प बसलो. गप्प म्हणजे, मनात हिशोब करत होतो. खोटं कशाला बोलू? आमच्या क्षेत्रात खोट्या अनुभवावर लागलेली मुलं मी पाहिलीत. पहिले सहा महिने फेफे उडते, मग शिकतात, निभावून नेतात. मला वाटलं, हेही तसंच असेल. बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "बघू या की, वाईट ऑप्शन नाहीये."

पोवई नाक्यावर भर रस्त्यात ती थांबली. म्हणाली, "दादा, तुझा कोड चुकला तर सर्व्हर बंद पडतो. तू परत चालू करतोस. माझ्या इथे परत चालू करायला काय आहे?"

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

त्या रात्री, थोडी लाज वाटली म्हणून असेल, मी एजंट सोडून थेट नियम वाचायला बसलो. अमेरिकेत या शाळांना मान्यता देणारी एक काउन्सिल आहे, तिचे नियम सगळ्यांना वाचायला खुले आहेत. आणि त्यात एक ओळ सापडली. आयसीयूचा तो एक वर्षाचा अनुभव अमेरिकेतल्याच, किंवा तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशातल्या, किंवा परदेशातल्या अमेरिकी लष्करी हॉस्पिटलमधल्या आयसीयूचा हवा. म्हणजे सांगलीचं खोटं लेटर सोडाच, सांगलीचा खराखुरा अनुभवसुद्धा त्या रकान्यात धरत नाहीत.

एजंटने हे सांगितलं नव्हतं. रीलवाल्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. मला वाटलं, चला, आता प्रश्न मिटला, साताऱ्याची नोकरी घेईल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तर सांगलीच. तिकडच्या आयसीयूत मला कोण घेईल, इथे मी ओपीडीत केसपेपर लावत बसले तर?"

मला तेव्हा हे पटलं नव्हतं. पटायला वर्ष लागलं. कसं पटलं ते सांगतो.

आधी एक जुनी गोष्ट. १९५२ साल, कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ. मुलांचे श्वासाचे स्नायू बंद पडत होते, आणि श्वास देणारी यंत्रं मोजकीच. तिथे ब्यॉर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ होते. ते म्हणाले, थिएटरमध्ये आम्ही रोज हेच करतो की. गळ्यात नळी घालायची आणि पिशवी दाबून हाताने श्वास द्यायचा. त्यांनी एका मुलीवर करून दाखवलं. मग सुमारे दीड हजार मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, रात्रंदिवस, हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. पुढच्याच वर्षी अशा पेशंटसाठी वेगळा कक्ष उभा राहिला. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथली मानतात.

म्हणजे आयसीयू ही कल्पनाच भूल देणाऱ्या माणसाची. थिएटरमध्ये दोन-तीन तास जे करायचं, तेच इथे दिवसेंदिवस. श्वास यंत्राकडे, रक्तदाब औषधाच्या पंपाकडे, झोप इंजेक्शनकडे, आणि सतत बघत राहणारं एक माणूस. औषधंही बरीचशी तीच. तिकडच्या शाळा आयसीयू का मागतात, ते मला इथे कळलं. नुसता "दोन वर्षं अनुभव" त्यांना नको असतो. व्हेंटिलेटर, रक्तदाब सांभाळणारी औषधं, धमनीत घातलेली लाइन हे सगळं रोज ज्या हातांनी केलंय, ते हात हवे असतात.

आता सांगलीची गोष्ट.

तिला लागून आठ-नऊ महिने झाले होते. ऊसतोडीचा हंगाम. एका फडावरचा तरुण मजूर आणला. रात्री खोपीत जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटात दुखायला लागलं, मग पापण्या उघडेनात, मग बोलणं जड. मण्यार. तुमच्यापैकी गावाकडच्यांना माहितीय, मण्यार चावलेली कळतसुद्धा नाही. दाह नाही, सूज नाही. विष जातं ते नस आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागी. एकेक स्नायू बंद पडत जातो आणि शेवटी श्वासाचा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन देतात, पण मण्यारीच्या बाबतीत लुळा पडलेला स्नायू त्याने लगेच हलत नाही. व्हेंटिलेटरवर ठेवायचं आणि वाट बघायची, कधी कधी कितीतरी दिवस.

तर हा पोरगा बेडवर. डोळे बंद, बोट हलत नाही, बोलावलं तर काही नाही. बघणाऱ्याला वाटेल, संपलं. नातेवाईक पायाशी उभे राहून तसंच बोलत होते. "आता काय खरं नाही." बहिणीचं लक्ष मॉनिटरवर. ते बोलले की नाडी वाढायची. ते बाहेर गेले की हळूहळू खाली. सक्शनच्या वेळी पुन्हा वर, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी.

तिने ड्यूटी डॉक्टरांना सांगितलं, "सर, याला सगळं कळतंय असं वाटतंय. हलता येत नाही एवढंच." भूलतज्ज्ञ सर येऊन बघून गेले. म्हणाले, बरोबर आहे. त्रासदायक गोष्टी करताना झोपेचं आणि वेदनेचं औषध कसं द्यायचं ते लिहून दिलं, आणि सगळ्यांना सांगितलं, त्याच्याशी बोला, त्याच्याबद्दल बोलू नका. मग दर ड्यूटीला बहीण जाऊन सांगायची, "मी सिस्टर. आज मंगळवार. रात्र आहे. मशीन तुझा श्वास घेतंय, घाबरू नको, हळूहळू सगळं परत येणार आहे."

तो बरा झाला. चालत घरी गेला. जाताना तिला म्हणाला, "तुम्ही वार सांगायच्या, त्यावर मी दिवस मोजत होतो."

हे तिने मला फोनवर सांगितलं, सकाळी आठला, नाइट संपवून. आणि मग म्हणाली, "दादा, थिएटरमध्ये पण हेच असतं. स्नायू ढिले करायचं औषध आणि झोपेचं औषध वेगळं. पहिलं दिलं आणि दुसरं कमी पडलं तर माणूस आतून जागा आणि बाहेरून दगड. हे पुस्तकात वाचलं होतं. आता बघितलं."

त्या लेटरची किंमत आठवली मला. त्या कागदावर "दोन वर्षे" लिहिलेलं असतं. मंगळवार लिहिलेला नसतो.

आता कामाचं बोलू. तुमच्यापैकी कोणी नर्सिंगला असेल आणि आयसीयू घ्यायचा विचार करत असेल, तर बोर्डावर "आयसीयू" लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. आपल्याकडे चार बेड आणि चार मॉनिटर लावले की आयसीयू होतं. मुलाखतीला गेलात की उलटे प्रश्न विचारा. हे तिने आणि मी मिळून काढलेत.

एक, एका वेळी किती पेशंट व्हेंटिलेटरवर असतात? महिन्यातून एखादा असेल तर तुम्ही व्हेंटिलेटर पुसायला शिकाल. दोन, एका सिस्टरकडे किती पेशंट? व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक सिस्टर हा आदर्श. पाच-पाच असतील तर शिकणं बाजूला, तुम्ही फक्त धावाल. तीन, धमनीतली लाइन, सेंट्रल लाइन रोज वापरतात का? रक्तदाबाचं औषध कमी-जास्त करण्याचा लेखी प्रोटोकॉल सिस्टरला दिलाय का, की प्रत्येक वेळी फोन करायचा? चार, रात्री दोन वाजता डॉक्टर कोण असतं, आणि ते हॉस्पिटलमध्ये असतं की घरी? पाच, नवीन मुलीला एकटीला पेशंट कधी देतात? "पहिल्या दिवशीच" असं अभिमानाने सांगितलं तर तिथून निघा.

यातले काही प्रश्न विचारल्यावर एका ठिकाणी तिला "फार शहाणी दिसतेस" असंही ऐकावं लागलं. तिने ती नोकरी घेतली नाही.

सातारा-सांगलीच्या मुलींना एक सोय आहे. मिरज. वान्लेस डॉक्टरांनी तिथे १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव आहे. सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं. इकडे कराड आहे. म्हणजे मोठ्या आयसीयूत शिकायला लगेच पुणे-मुंबईच गाठलं पाहिजे असं नाही. साताऱ्याहून कोयना एक्स्प्रेस पकडली तरी कराड, सांगली, मिरज सगळं एकाच रुळावर.

आता पुढचे रस्ते. खोटी आशा नको म्हणून सरळ सांगतो.

अमेरिका. आधी एनसीलेक्स परीक्षा, कागदपत्रांची तपासणी, इंग्रजीची परीक्षा. मग व्हिसा. साधारण नर्सला ज्या ग्रीन कार्डच्या रांगेतून जावं लागतं, तिथे २०२४ मध्ये भारतीयांच्या २०१२ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. बारा वर्षं. मग तिथल्या आयसीयूत किमान एक वर्ष, मग तीन वर्षांची डॉक्टरेट, आणि त्या काळात नोकरी जवळपास अशक्य. जे करतात ते करतात. पण "दोन वर्षांत अमेरिकेत भूल देणार" असं कोणी म्हणत असेल तर खुर्चीवरून उठा.

जर्मनी. तिथे नर्ससाठी आयसीयू आणि भूल या दोन्हींचं मिळून दोन वर्षांचं पुढचं प्रशिक्षण असतं. भूल डॉक्टरच देतो, पण सोबतची नर्स त्यातली तज्ज्ञ. त्याआधी नर्स म्हणून मान्यता हवी, आणि त्यासाठी साधारण बी-टू पातळीपर्यंत जर्मन. म्हणजे भाषेवर खरी मेहनत.

आणि भारत. इंडियन नर्सिंग काउन्सिलचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहे. दोन वर्षांचा, एमएस्सीच्या दर्जाचा, बहुतेक वेळ पेशंटजवळच. त्याला बीएस्सीनंतर किमान एक वर्षाचा क्लिनिकल अनुभव लागतो, आणि तो शक्यतो क्रिटिकल केअरमधला हवा. शिवाय एक वर्षाचा क्रिटिकल केअर नर्सिंगचा डिप्लोमाही आहे. यातून तुम्ही भूल देणारी नर्स होत नाही, हे लक्षात ठेवा. पण इथे तुमचा सांगलीचा, मिरजेचा, कराडचा अनुभव मोजला जातो.

बघा, तिन्ही रस्ते वेगळे. पण तिन्हींवर चालायला आधी आयसीयूत उभं राहिलेलं असणं उपयोगी. कुठे नियम म्हणून, कुठे तयारी म्हणून. साताऱ्याची ती दिवसपाळी वाईट नव्हती. ज्यांना घराजवळ राहायचंय, ज्यांच्यावर जबाबदाऱ्या आहेत, त्यांच्यासाठी ती चांगलीच. तिला जिथे जायचं होतं, तिकडे ती नोकरी जात नव्हती एवढंच.

किंमतही सांगतो, नाहीतर ही जाहिरात वाटेल. दोन दिवाळ्या ती घरी नव्हती. पाठ धरते. नाइटच्या आठवड्यात आईशी बोलताना चिडते आणि मग स्वतःच रडते. लग्नाची दोन स्थळं "मुलगी रात्रपाळी करते" म्हणून परत गेली. पप्पा त्यावर अजून नाराज आहेत. पण मागच्या महिन्यात शेजारच्या काकांना दम लागला तेव्हा पप्पांनी पहिला फोन तिला लावला. तिने फोनवरच विचारून विचारून त्यांना अँब्युलन्समध्ये बसवलं. त्यानंतर पप्पा नाराज आहेत, पण जरा हळू आवाजात.

आता ती नर्स प्रॅक्टिशनरच्या कोर्सचा फॉर्म भरतेय. अमेरिका सोडली का, असं विचारलं तर म्हणते, "सोडली नाही, रांगेत ठेवलीय." जर्मनचे क्लासही बघतेय. मला विचाराल तर ती कुठे पोचेल हे मला माहिती नाही. तिलाही नाही. मी स्प्रेडशीट करून दिली होती, तीन रकाने, खर्च, वर्षं, सगळं. तिने ती उघडून बघितली आणि म्हणाली, "छान आहे दादा. पण आज नाइट आहे, झोपू दे."

तर मंडळी, तुमच्या घरात, मित्रमंडळीत कोणी नर्सिंग करत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. विशेषतः जिला कोणी लेटर करून देतो म्हणालंय, तिला. आणि तुम्ही स्वतः आयसीयूत काम करत असाल तर मला सांगा, नोकरी घेताना कुठला प्रश्न विचारायला हवा होता आणि राहून गेला. पुढच्या भागात ते वाचून दाखवतो.

भेटू. काळजी घ्या. आणि गावाकडे जमिनीवर झोपत असाल तर खाट आणि मच्छरदाणी वापरा, हा निरोप बहिणीचा.